उशीर कोणी केला

मस्तगड, जालना
१४ जानेवारी २०२५

अर्पिता,

मी फोन केला की तू उचलत नाहीस. मेसेज वाचतेस आणि गप्प बसतेस. म्हणून हे कागदावर. पाकीट हातात पडलं की ते फोडल्याशिवाय तुला राहवत नाही, एवढं तर होस्टेलच्या एका खोलीत इतकी वर्षं काढल्यावर मला माहीत आहे.

शोधनिबंध छापून आल्याबद्दल अभिनंदन. पहिलं नाव तुझं, शेवटचं आपल्या गाईड मॅडमचं. माझं मधे कुठंतरी आहे, आणि कुठं आहे त्याच्याशी मला काही देणंघेणं नाही. (पाचवं आहे. जीपच्या मागच्या फळीवर बसून गावोगाव मुलाखती घेत फिरली तिचं पाचवं.) पण ते जाऊ दे. मी भांडतेय ते नावासाठी नाही.

परवाचं वर्तमानपत्र तू पुण्यात पाहिलं नसशील. कात्रण जोडलंय. 'घरच्यांच्या दिरंगाईने मातांचा बळी' असा मथळा, आणि त्याखाली तुझ्या निबंधातलं उदाहरण जसंच्या तसं: भोकरदन तालुक्यातलं डोंगराकडचं मोठं गाव, बांगड्या विकणारं मुस्लिम कुटुंब, आई नसलेली सून, पहिलं बाळंतपण, आणि 'कुटुंबाने निर्णय घेण्यात केलेला विलंब'. नाव गाळलं की ओळख लपते असं तुला वाटलं का? धावड्यात असं घर एकच आहे. ज्या दिवशी बातमी आली त्या दिवशी दुपारपर्यंत सगळ्या बाजाराला कळलं होतं की रहिमाबीचं पेपरात आलंय. तिनं सुनेला वेळेवर दवाखान्यात नेलं नाही म्हणून सून मेली, असं सरकारनं छापलंय. लोकांच्या लेखी छापलेलं ते सगळं सरकारनंच छापलेलं.

तू त्या घरात बसली आहेस, अर्पिता. मी एकटी गेले असते तर तुला सांगता आलं असतं की ऐकीव माहितीत गफलत झाली. तू शेजारी होतीस. रेकॉर्डर मी धरला होता आणि तू रहिमाबीचा हात धरून रडत होतीस.

तिनं काय सांगितलं होतं ते पुन्हा लिहून पाठवते, कारण तू विसरलेली दिसतेस. सुनेच्या, तरन्नुमच्या, पोटात दुखायला लागलं तेव्हा रहिमाबी भाकरी थापत होती. तिनं तवा उतरवला आणि आशाताईंना हाक मारली. रुग्णवाहिका लांब होती, तर साजिदनं वाट बघितली नाही, बायकोसाठी शेजारच्या भिवाची जीप दारात आणली. रहिमाबीनं हाताचं पीठ गाडीत पुसलं. याला आपण निर्णयातला विलंब म्हणतो?

पहिल्या दवाखान्यात मुलगी झाली. रडली, चांगली गुटगुटीत. मग तरन्नुमचं रक्त थांबेना. डॉक्टरची जागा रिकामीच होती. एकटी नर्सबाई सगळ्या खाटांमधून धावत होती. तिनं पोट कसं दाबून धरायचं ते रहिमाबीला दाखवलं आणि चिठ्ठीवर 'रेफर' लिहिलं. दवाखान्याची गाडी अंगणात उभी होती, चालवायला माणूस नव्हता. पुन्हा भिवाची जीप. दुसऱ्या दवाखान्यात रक्ताची पिशवी नव्हती, तिथंही 'रेफर'. आणि शहराच्या रस्त्यावर तरन्नुम गेली.

"कुठं उशीर केला मी?" रहिमाबीनं आपल्याला विचारलं होतं. "सांगा ना. मी कुठं टेकले बी न्हाई."

पहिल्या वर्षी मॅडमनी फळ्यावर तीन शब्द लिहिले होते: घर, रस्ता, दवाखाना. बाई मेली तर उशीर यातल्या कुठं झाला ते शोधा, बाकी सगळं नंतर, असं म्हणाल्या होत्या. मी तरन्नुमपुढे 'दवाखाना' लिहून पाठवलं होतं. निबंधात तिच्यापुढे 'घर' आहे. मी काल बसून सगळ्याच बायकांचं ताडून पाहिलं. तरन्नुम एकटी नाही. माझा 'दवाखाना' पुसून कितीतरी जणींपुढे 'घर' लिहिलेलं आहे.

कोणी लिहिलं? उत्तर दे.

तृप्ती


धावडा
२ फेब्रुवारी

अर्पिता,

तुझं उत्तर नाही. तरी लिहिते, कारण इथं जे झालंय ते तुला माहीत असलंच पाहिजे. तुला सुखानं झोप लागू नये अशी माझी इच्छा आहे.

तरन्नुमचे वडील बदरोद्दीन जाफराबादेत शिलाईकाम करतात. बायको वारलेली, ही एकच लेक. घरात बाईमाणूस नाही म्हणून त्यांनी लेकीला बाळंतपणासाठी माहेरी नेलं नव्हतं, रहिमाबीच्या भरवशावर सासरीच ठेवलं होतं. लेक गेल्यावरही दोन्ही घरांचं येणंजाणं होतं. बाजाराच्या दिवशी ते नातीला बघायला यायचे, आफरीनसाठी स्वतः शिवलेली झबली आणायचे.

बातमी आल्यावर ते आले, ते दोन नातेवाइकांना घेऊन. दारातच कात्रण पुढं केलं. म्हणाले, "मैंने मेरी बेटी तुमको दी थी. तुम सोचते बैठे?" आणि आफरीनला उचलून घेऊन गेले. साजिद आडवा गेला तर त्याला म्हणाले, पोलिसात जाईन. पोरीची दुधाची बाटलीसुद्धा मागं राहिली.

हे मला साजिदनं फोनवर सांगितलं आणि मी तशीच निघून आले. रहिमाबी ओसरीवर बसली होती. ज्या बाईनं मला कधी चहा घेतल्याशिवाय जाऊ दिलं नाही, ती उठलीसुद्धा नाही.

"बेटा, तू किती बार आली. मी तुला सगळं बराबर सांगितलं," ती म्हणाली. "मंग पेपरात उल्टं कसं आलं? तू लिहिलं का?"

मी म्हटलं, "मी न्हाई लिहिलं, चाची."

"मंग तुझ्या त्या मशीनीत आवाज माझा व्हता, तो गेला कुठं?"

काय सांगणार होते मी? तुझा आवाज पुण्याला गेला, तिथं एसीत बसून कोणीतरी तो ऐकला आणि त्याला दुसरा रकाना दिला, असं सांगू? साजिद दुकानाच्या पेट्या उघडत नाही. बायका त्याच्या हातनं बांगड्या भरून घ्यायला येत नाहीत म्हणे. शेजारची एक म्हणाली, ज्या घरात सून अशी मरते तिथं कशाला हात पुढं करायचा.

आपण याला 'अभ्यासातील सहभागी कुटुंब' म्हणतो. सहभागाचं फळ बघ.

तृप्ती


मस्तगड
१९ फेब्रुवारी

अर्पिता,

मी विभागात जाऊन आले. मॅडमच्या केबिनमध्ये. त्यांनी पाणी दिलं, आईची तब्येत विचारली. मी कात्रण टेबलावर ठेवलं.

"वर्तमानपत्रवाले भडक लिहितात, तृप्ती. त्याला आपण काय करणार?"

"मॅडम, भडक मथळा त्यांचा आहे. 'घर' हा शब्द आपला आहे."

त्या खुर्चीत मागं रेलल्या. "हे बघ, दवाखान्यांनी परवानगी दिली म्हणून आपला अभ्यास झाला. त्यांच्याच तोंडाला काळं फासायचं? पुढच्या प्रकल्पाला परवानगी कोण देईल? आणि वर्गीकरणात मतभेद असतातच. अर्पिताने आणि मी बसून ते एकसारखं केलं."

"मला न विचारता?"

"तू तेव्हा फील्डवर होतीस."

ऐकलंस? मी फील्डवर होते. जिथं बाया मेल्या तिथं होते, म्हणून बाया कशानं मेल्या हे ठरवताना मला बोलावलं नाही.

मी म्हटलं, "परवानगी दवाखान्यांचीच घेतली नव्हती मॅडम. रहिमाबीचीपण घेतली होती. तिनं कागदावर अंगठा दिलाय. तुमच्या माहितीचा तुम्हाला त्रास होणार नाही, असं मी तिला वाचून दाखवलंय. तो अंगठा चालत नाही का?"

त्यांनी कात्रण माझ्याकडे सरकवलं. मग अगदी मायेनं म्हणाल्या, "तुझा प्रबंध जूनमध्ये सादर करायचाय ना? माझी सही लागेल. त्यातल्या विलंबाच्या प्रकरणात निबंधातलेच आकडे घे. दोन ठिकाणी दोन निष्कर्ष दिसले तर परीक्षक विचारतील. तुझ्या भल्यासाठी सांगते."

मी कात्रण उचललं आणि बाहेर आले. 

संध्याकाळी आईला फोन केला. तू माझ्या आईला ओळखतेस, चांगुणाबाई चिडली की गल्लीला ऐकू जातं. पण त्या दिवशी हळूच म्हणाली, "पोरी, इतकी वर्षं घातली तू त्याच्यात. सही घे अन् मोकळी व्हय. आपल्याला कुठं जग सुधारायचंय?" मी फोन ठेवला आणि उशीत तोंड घालून ओरडले. घरमालकीणबाई वर आल्या काय झालं बघायला. उंदीर दिसला म्हणून सांगितलं.

म्हणजे तूच ना? मॅडम आणि तू. मला वाटत होतं, मॅडमनी तुला न सांगता केलं असेल. शेवटपर्यंत तसंच वाटत होतं.

तृप्ती


मस्तगड
११ मार्च

अर्पिता,

आलं तुझं पत्र. सहा ओळी. टाईप करून, खाली सही.

'तू या कुटुंबात फार गुंतली आहेस. संशोधकाने अंतर राखायला हवे.' ठीक. मग मी विचारते, अंतर राखून बघितलं तर दवाखान्यात नसलेला डॉक्टर असलेला दिसतो का? नसलेलं रक्त दिसतं का? किती लांबून बघावं लागतं त्यासाठी? पुण्याहून दिसतं?

'काही प्रकरणांत दोन्ही प्रकारचा विलंब संभवतो.' संभवतो! तरन्नुमच्या घरी किती विलंब संभवला ते सांग. तवा उतरवायला लागला तेवढा?

'माझी नोकरी अजून कायम झालेली नाही. आत्ता दुरुस्ती दिली तर माझ्यावर डाग बसेल.' ही ओळ तेवढी खरी आहे. बाकीच्या पाच ओळी तिच्यावर पांघरूण आहेत. तू हीच ओळ पहिल्या दिवशी लिहिली असतीस तर मी तुला शिव्या दिल्या असत्या, पण तुझा तिरस्कार केला नसता. डाग म्हणतेस? डाग बसलाय. साजिदच्या दुकानावर, रहिमाबीच्या उंबऱ्यावर. तुझा कोट पांढरा राहावा म्हणून तो तिकडे पुसलास.

आणि मला 'भावनिक' म्हणू नकोस. बाईला राग आला की तिला भावनिक म्हणायचं, हे पुरुष करतात तेव्हा आपण दोघी मिळून चिडायचो.

मी जर्नलच्या संपादकांना पत्र पाठवलंय. माझ्या नावानं. माझ्या मूळ नोंदी काय होत्या आणि निबंधात काय छापलंय, ते शेजारी शेजारी मांडलंय. मॅडमना त्याची प्रत दिली. त्यांनी दुसऱ्या दिवशी विभागाला कळवलं की त्या माझ्या मार्गदर्शक राहू इच्छित नाहीत.

झालं. आता माझ्याकडे गमावायला काही नाही, तेव्हा मला घाबरून राहा.

तृप्ती


मस्तगड
६ एप्रिल

अर्पिता,

ईद झाली. रहिमाबीनं आफरीनसाठी जरीचा फ्रॉक आणून ठेवला होता, तो पिशवीतच राहिला. ईदच्या दिवशीही बदरोद्दीनचाचांनी पोरीला पाठवलं नाही. म्हणून ईदनंतर आम्ही जाफराबादला गेलो. मी जायचं म्हटलं, साजिद नको म्हणाला, पण रहिमाबीच म्हणाली, "चलो. मला तोंड लपवायचं काय काम हाय?" भिवाची जीप घेतली. साजिदला घरी ठेवलं, उगाच हातघाई नको.

चाचांच्या शिलाईच्या दुकानासमोर पोचल्यावर मी एकटी उतरले. चाचा मशीनवर होते. आफरीन मागं चटईवर चिंध्यांशी खेळत होती. मी नाव सांगितलं, तर त्यांचा पाय मशीनच्या पॅडलवर थांबला.

"आता काय लिहायला आली?"

मी सांगितलं की तुमच्या लेकीची माहिती मी गोळा केली होती आणि पेपरात आलं ते खोटं आहे. घरून उशीर झाला नाही.

"अखबार झूठ, तू सच्ची? तुमच्याच कॉलेजनं छापलं ना?"

"होय, चाचा. आमच्याच कॉलेजनं खोटं छापलं."

हे वाक्य बोलताना मला किती लाज वाटली ते तुला कळणार नाही. किंवा कळेल. त्यांनी मला हातानं बाजूला हो म्हणून खुणावलं आणि परत कापडाकडे वळले. तेवढ्यात भिवा खाली उतरून आला. तो बोलणारा माणूस नाही. दुकानाच्या पायरीशी टोपी हातात घेऊन उभा राहिला.

"चाचा, गाडी माझी व्हती. मीच चालवून राह्यलो व्हतो. पेपरवाला न्हव्हता तिथं." त्यानं हातानं जीपकडे दाखवलं. "ही बाई मागं पोट दाबून बसल्याली, नर्सनं दाखवलं तसं. शहर जवळ आलं, मी आरशात बघितलं, अन् मला कळलं का पोरगी गेली. मी म्हणलं, चाची, थांबू का? ती म्हणली, थांबू नको, बिलकुल थांबू नको. मंग मी न्हाई थांबलो. दवाखान्याच्या दारात डॉक्टरनं तिचे हात धरून बाजूला केले, तवा सुटले ते."

चाचांनी मशीनवरचं कापड काढून घडी केली. पुन्हा उलगडलं.

"मग मला फोन का न्हाई केला?" ते ओरडले. भिवावर नाही, माझ्यावर नाही, सरळ रस्त्यावरच्या जीपकडे बघून. त्यांना कळलं होतं आत कोण बसलंय. "मैं बाप था. मैं उसका बाप था!"

रहिमाबी उतरली. पायरीपर्यंत आली, वर चढली नाही.

"मुलगी झाली तवा ती शुद्धीत व्हती, भाईजान," ती म्हणाली. "पहिली बात तीच बोलली. अब्बा को अभी मत बोलो, अकेले हैं, घबराएंगे. बच्ची को लेके सीधा उनके सामने जाएंगे. मी ऐकलं तिचं. मला वाटलं, पोरगी दाखवू अन् मंगच बोलू. नंतर रक्त थांबलं न्हाई, मंग मला कायबी सुचलं न्हाई. तुमाला सांगायला उशीर केला मी. तेवढा उशीर माझाय."

तेवढा उशीर माझा आहे. हे वाक्य ऐक, अर्पिता. सगळ्या प्रकरणात आपला उशीर कबूल करणारं हे एकच माणूस मला भेटलं. पहिल्या दवाखान्यानं केला नाही, दुसऱ्या दवाखान्यानं केला नाही, मॅडमनी केला नाही, तू केला नाहीस. आणि छापलं कोणाचं नाव?

चाचा मशीनवरून उठले. भिंतीकडे तोंड करून उभे राहिले, त्यांची पाठ हलत होती. आफरीन रांगत पायरीपाशी आली. रहिमाबीनं हात पुढं केला नाही. तिच्या बोटांची सारखी उघडझाप चालली होती, पण तिनं हात पुढं केला नाही. मग चाचांनीच नातीला उचललं, डोळे पुसले आणि म्हणाले, "धूप में क्यों खडी? अंदर आव. चाय ठेवतो."

मी आणि भिवा बाहेरच थांबलो. तिथं आमचं काही काम नव्हतं.

तृप्ती


मस्तगड
१७ ऑगस्ट

अर्पिता,

संपादकांनी तुझ्या पत्राची प्रत मला पाठवली. 'क्षेत्रीय नोंदींमध्ये नंतर बदल करण्यात आला, तो बदल मी केला आणि त्याला मुलाखतींचा आधार नव्हता.' तू स्वतः लिहिलंस हे मला दिसतं. मॅडमनी सही दिली नाही, तरी दुरुस्ती छापली गेली ती तुझ्या पत्रामुळे. तुझ्या नोकरीची मुदत वाढवली नाही असं ऐकलं. वाईट वाटलं. खरंच वाटलं. पण मी तुला धन्यवाद देणार नाही. घेतलेलं परत दिलं म्हणून कोणी आभार मानत नाही.

इथलं सांगते. आफरीन धावड्यात आहे. बाजाराच्या दिवशी चाचा येतात, दुकानात साजिदच्या शेजारी बसतात. लोकांनी बघावं म्हणूनच बसतात असं मला वाटतं. बायका परत बांगड्या भरायला येऊ लागल्यात.

मला दुसऱ्या विभागातले एक सर मार्गदर्शक मिळाले. नोंदणी पहिल्यापासून करावी लागली. आई बोलत नव्हती, आता शेजाऱ्यांना सांगते की माझी पोरगी कोणाला भीत न्हाई. जणू तिचीच कल्पना होती.

वर्तमानपत्रानंही खुलासा छापला. मी चार खेटे घातल्यावर. आतल्या पानावर, निविदांच्या खाली, बोटभर. साजिदनं तो आईला वाचून दाखवला. तिनं पेपर हातात घेतला, उलटापालटा केला, म्हणाली, "पयलं इत्तं मोठ्ठं व्हतं, पयल्याच पानावर. हे एवढंच?"

एवढंच, चाची. खोटं मथळ्यात असतं आणि खरं निविदांच्या खाली. आणि त्या पहिल्या दवाखान्यातली डॉक्टरची जागा अजून भरलेली नाही. मागच्या आठवड्यात आशाताईंचा फोन होता, डोंगरापलीकडची एक बाई तिथून पुढं पाठवली. ती वाचली. नशीब म्हणून वाचली. माझ्या नव्या प्रबंधाचं पहिलं प्रकरण मी त्या रिकाम्या खुर्चीवर लिहितेय, आणि यावेळी परवानगी कोण देतं आणि कोण नाही, तेही त्यात लिहिणार आहे.

पेपर घडी करून ठेवल्यावर रहिमाबीनं मला विचारलं, "पन हे बदललं कोनी, बेटा? मानूस हाय ना कोन तरी? नाव असंल ना त्याला?"

मी नाव सांगितलं नाही. तुला वाचवायचं म्हणून नव्हे. तिचं म्हणणं बदलताना तू तिला विचारलं नव्हतंस, तेव्हा निदान हे तरी तिला तुझ्या तोंडून कळावं. जाफराबादहून धावड्याला जीप मिळते. मी सोबत येणार नाही.

ती शिव्या देणार नाही, चहा देईल. तो पिऊन दाखव.

तृप्ती